गिनी पिगची वैरण: नव्याने पाळणाऱ्यांसाठी आहाराचे सविस्तर मार्गदर्शन

घरात गिनी पिगची जोडी आली की पहिल्या संध्याकाळी त्यांच्यापुढे बहुधा काकडीच्या चकत्या, गाजराचे तुकडे, कोणीतरी हौसेने टाकलेला चपातीचा कोपरा आणि मूठभर फुटाणे एवढा सरंजाम मांडला जातो. दुकानदाराने दिलेली रंगीबेरंगी खाद्याची पिशवीही शेजारी असते. या ताटात गिनी पिगचे खरे अन्न मात्र कुठेच नसते आणि ते अन्न म्हणजे वाळलेले गवत. ज्या कोल्हापूर जिल्ह्यात म्हशीला काय घालावे आणि काय घालू नये हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते, तिथे ही गोष्ट समजावून सांगायला फार वेळ लागू नये. खाण्याच्या बाबतीत हा प्राणी उंदरापेक्षा म्हशीला जवळचा आहे, एवढे मनात धरले की पुढचा बहुतेक आहार आपोआप जागेवर बसतो. वैरण हे त्याचे जेवण. भाजी, गोळीखाद्य आणि फळ हे तोंडी लावणे.

असे का, हे थोडक्यात समजून घ्यावे. गिनी पिगचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या गवताळ प्रदेशात आहे आणि तिथल्या लोकांनी त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळवले. त्याच्या तोंडात २० दात असतात आणि समोरचे पटाशीचे दातच नव्हे, तर मागच्या दाढाही जन्मभर वाढत राहतात. वैरणीतील चिवट काड्या आडव्या रवंथासारख्या चावून चावूनच त्या झिजतात. मऊ खाण्यावर वाढलेल्या प्राण्याच्या दाढा वाढून जिभेवर कमानीसारख्या येतात आणि शेवटी त्याला गिळताही येत नाही. पोटाचेही तसेच आहे. म्हैस पुढच्या पोटात चारा आंबवते, तर गिनी पिग तो मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या उंडुक नावाच्या मोठ्या पिशवीत आंबवतो. तिथे तयार झालेली पोषकद्रव्ये पदरात पडावीत म्हणून तो आपल्या मऊ लेंड्या थेट खातो. हे दृश्य पाहून घरातली मंडळी नाक मुरडतात, पण त्याला त्यापासून रोखू नये. हे आतडे सतत हलते राहण्यासाठी त्यात सतत तंतू जावे लागतात. त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात चुकीचे काही गेले किंवा वायू साठला तर तो बाहेर काढण्याचा सोपा मार्ग त्याच्याकडे नाही.

पहिले सात दिवस

नव्या घरात आलेला गिनी पिग घाबरलेला असतो आणि घाबरलेला गिनी पिग खात नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात आहार सुधारण्याची घाई करू नये. दुकानात किंवा आधीच्या घरी तो जे खात होता ते निदान आठवडाभर पुरेल एवढे विचारून आणावे, मग ते आपल्या दृष्टीने कितीही कमी प्रतीचे असो. त्यासोबत पहिल्या तासापासून वैरणीचा मोठा ढीग पुढे ठेवावा. ढीग किती मोठा, तर प्राण्याच्या अंगाएवढा तरी हवाच. पिंजऱ्यात लपायला पुठ्ठ्याचे खोके ठेवावे आणि थोडी वैरण त्या खोक्यातच टाकावी, म्हणजे त्याला उघड्यावर न येता चरता येते. पहिले दोन दिवस त्याला हातात घेण्याचा मोह मुलांनी आवरावा. तो खातो की नाही हे लेंड्यांवरून कळते. सकाळी पिंजऱ्यात भरपूर, एकसारख्या, लांबट लेंड्या दिसल्या तर रात्री तो गुपचूप जेवला आहे.

भाजी तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सुरू करावी आणि एका वेळी एकच नवी भाजी, तीही बोटाएवढी द्यावी. दोन दिवस लेंड्या घट्ट राहिल्या तर पुढची भाजी. माझ्याकडे जोडी आली तेव्हा शेजारच्या मावशींनी प्रेमापोटी एका दिवसात कोथिंबीर, कोबी, पालक आणि कलिंगड असे सगळे खाऊ घातले होते आणि पुढचे दोन दिवस आम्ही पातळ हगवण पुसत बसलो. प्राणी वाचले, पण मी तेव्हापासून पिंजऱ्याजवळ एक वही टांगली आणि काय दिले ते लिहिल्याशिवाय कोणी काही द्यायचे नाही असा नियम केला.

वैरण कोणती आणि कुठून

रोजच्या खाण्यातला सुमारे ८० टक्के भाग वैरणीचा असावा आणि ती चोवीस तास पुढे असावी. तिला वेळ नाही, माप नाही. परदेशी लेखांत सर्वत्र टिमोथी गवताची शिफारस असते. हे थंड हवेतले गवत आपल्याकडे उगवत नाही, त्यामुळे ते पाकिटातूनच विकत घ्यावे लागते आणि दोन प्राण्यांसाठी बारमाही घेणे अनेकांच्या खिशाला जड जाते. पाकीट घेता आले तर उत्तमच. निवडताना वैरण हिरवट रंगाची, गोडसर वासाची आणि लांब काड्यांची आहे का ते पाहावे. पिवळी पडलेली, भुगा झालेली किंवा कुबट वासाची वैरण कितीही नामांकित असली तरी परत करावी.

स्थानिक पर्यायांचा विचार करताना प्रत्येक चाऱ्याचा स्वभाव वेगळा लक्षात घ्यावा लागतो. रब्बीत चाऱ्यासाठी पेरला जाणारा ओट, दाणे भरण्याआधी कापून वाळवला तर गिनी पिगसाठी फार चांगला. ज्यांच्या ओळखीत दुग्धव्यवसाय करणारा शेतकरी आहे त्यांनी हा आधी विचारावा. मारवेलसारखी बारीक पानांची गवतेही चालतात. हरळी, म्हणजे आपली दूर्वा, ही ताजी आणि वाळलेली दोन्ही प्रकारे द्यावी. बारीक, मऊ आणि तंतूंनी भरलेली ही वैरण बहुतेक प्राण्यांना पहिल्याच दिवशी आवडते. ज्वारीच्या कडब्याची जाड ताटे त्यांना चावत नाहीत, पण स्वच्छ, बुरशी नसलेल्या कडब्याची वाळकी पाने इतर वैरणीत मिसळायला हरकत नाही. कोवळी हिरवी ज्वारी मात्र अजिबात देऊ नये. तिच्यात सायनाइड तयार होते आणि तिने गुरे दगावल्याचे कोणताही जुना शेतकरी सांगेल. भाताचा पेंढा खायला निकस असतो. तो अंथरायला वापरावा, त्यांनी त्यातल्या चार काड्या चावल्या तर चावू द्याव्यात, पण त्याला जेवण समजू नये.

आता उसाच्या वाढ्यांचा प्रश्न, जो इथे प्रत्येक जण विचारतो, कारण गळिताच्या हंगामात वाढे फुकटात आणि ढिगाने मिळतात. वाढ्यांत, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या पानांत, ऑक्सलेटचे (कॅल्शियमशी मिळून मूत्रखडे घडवणाऱ्या द्रव्याचे) प्रमाण जास्त असते, त्यांची धार तोंड कापते आणि पोषण बेताचेच. हत्ती गवतातही ऑक्सलेट बरेच असते. म्हशीचे मोठे पोट हे पचवते. किलोभर वजनाच्या प्राण्याच्या मूत्राशयावर तो भार टाकू नये. माझे मत असे की वाढे पूर्ण टाळावेत आणि हत्ती गवताची कोवळी पाने कधीतरी चघळायला एवढीच मर्यादा ठेवावी.

लसूणघास हा वेगळा विषय आहे. नावात लसूण असले तरी त्याचा लसणीशी संबंध नाही; पाकिटावर हाच चारा अल्फाल्फा या नावाने विकला जातो. त्यात प्रथिने आणि कॅल्शियम भरपूर असल्यामुळे सहा महिन्यांच्या आतील वाढती पिल्ले, गाभण माद्या आणि पिल्लांना पाजणाऱ्या माद्या यांना तो इतर गवतात मिसळून द्यावा. पूर्ण वाढलेल्या निरोगी प्राण्याला रोज लसूणघास दिला तर जादा कॅल्शियम लघवीवाटे जाते आणि मूत्राशयात खडे होण्याची शक्यता वाढते. दुकानातून आणलेली जोडी बहुधा एक-दोन महिन्यांची असते. तेव्हा सुरू केलेला लसूणघास सहा महिन्यांनंतर हळूहळू कमी करून थांबवायचा, ही तारीख वहीत आधीच लिहून ठेवावी, कारण चवीची सवय लागलेला प्राणी नंतर साध्या गवताकडे बघत नाही.

डोंगराकडून, पन्हाळा किंवा भुदरगड बाजूने, दिवाळीनंतर वाळलेल्या गवताचे भारे येतात. ते घ्यायला हरकत नाही, पण त्यात कुसळी गवत असेल तर भारा परत पाठवावा. कुसळाचे टोकदार बी हिरडीत, जिभेखाली आणि डोळ्यात घुसते. तिथे गळू होते आणि कारण लवकर सापडत नाही. भारा सोडून हाताने चाळावा. आपल्या पायमोज्याला जे चिकटते ते त्यांच्या तोंडातही चिकटणार.

गवत स्वतः कापणार असाल तर जागा पारखून घ्यावी. उसाच्या बांधावर तणनाशक मारण्याची पद्धत सर्रास आहे आणि फवारणीनंतर काही दिवस गवत हिरवेच दिसते, म्हणून शेतमालकाला विचारल्याशिवाय बांधावरचे गवत आणू नये. रस्त्याकडेचे, गटाराशेजारचे, कुत्री फिरतात त्या मैदानातले आणि रंकाळा तलावाच्या काठावरचे गवत वर्ज्य समजावे. गुरे चरतात तिथल्या गवतात गोचिडांची शक्यता असते. घराच्या मागे चार-पाच कुंड्यांत किंवा गच्चीवरच्या पसरट ट्रेमध्ये हरळी आणि गहू उगवणे हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे. गव्हाचे हिरवे अंकुर वीतभर झाले की कापून द्यावेत.

वैरण घरी वाळवायची रीत सोपी आहे. फुलोरा येण्याआधी, दव उडून गेल्यावर गवत कापावे, गच्चीवर जुन्या सुती साडीवर पातळ पसरावे आणि दिवसातून दोनदा उलटावे. दोन-तीन दिवसांत काडी वाकवल्यावर कट्कन मोडू लागली की ती वाळली. थोडीशी ओल राहिलेली वैरण पोत्यात भरली तर ती आतून तापते आणि तिला बुरशी येते. भरण्यासाठी गोणपाट किंवा कापडी पिशवी वापरावी, प्लास्टिकचे पोते नको, आणि पिशवी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावी.

कोल्हापुरात यातला खरा कस पावसाळ्यात लागतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत इतकी ओल असते की कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, मग वैरणीचे काय सांगावे. म्हणून लोणच्या-पापडांबरोबर वैरणीचीही पावसाळी बेगमी मे महिन्यातच करावी. दोन प्राण्यांना चार महिने पुरेल एवढा साठा एकाच मोठ्या पोत्यात न ठेवता पाच-सहा लहान पिशव्यांत विभागून ठेवावा, म्हणजे एकीत ओल शिरली तरी बाकीच्या वाचतात. उघडीप मिळाली की पिशव्यांना ऊन दाखवावे. काळे किंवा पांढरट डाग, धूळ उडणे किंवा कुबट वास यांपैकी काहीही आढळले तर ती पिशवी झटकून वापरण्याचा विचार करू नये. बुरशीने फुप्फुस आणि यकृत दोन्ही बिघडतात. पावसातले ओले हिरवे गवत द्यायचेच असेल तर फडक्यावर पसरून पाणी निथळू द्यावे आणि थोडे थोडे द्यावे. ढीग करून ठेवलेले ओले गवत काही तासांत आंबते आणि पोटात वायू धरतो.

क जीवनसत्त्व

माणसाप्रमाणेच गिनी पिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. ते बनवणारे विकर त्याच्याकडे नाही. १९०७ साली नॉर्वेमध्ये अॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रॉलिक हे बेरीबेरी या रोगावर प्रयोग करत होते. त्यांनी गिनी पिगना निव्वळ धान्य आणि पाव यांवर ठेवले, तेव्हा त्या प्राण्यांना बेरीबेरीऐवजी क जीवनसत्त्वाच्या अभावाने खलाशांना होणाऱ्या स्कर्व्हीसारखा रोग जडला. माणसाच्या स्कर्व्हीचे कोडे उलगडण्यात या प्रयोगाचा मोठा वाटा आहे. धान्य आणि पाव, म्हणजे आपल्या घरात प्रेमाने टाकला जाणारा चपातीचा तुकडा आणि फुटाणेच की! फरक इतकाच की त्या शास्त्रज्ञांना काय घडते ते पाहायचे होते.

निरोगी प्रौढ प्राण्याला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १० ते २० मिलिग्रॅम आणि गाभण किंवा आजारी प्राण्याला ३० मिलिग्रॅमपर्यंत क जीवनसत्त्व लागते. हे शरीरात साठून राहत नाही, त्यामुळे रविवारी भरपूर आणि बाकी आठवडा काही नाही असे चालत नाही. यासाठी सगळ्यांत सोपी भाजी ढबू मिरची. तिच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते आणि लाल ढबूत त्याहून बरेच जास्त. म्हणजे किलोभर वजनाच्या प्राण्याला २५ ग्रॅम, ढोबळमानाने मध्यम मिरचीचा पाव भाग, रोज दिला की गरज भागते. देठ आणि बिया काढून टाकाव्यात. पेरूत १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमहून अधिक असते, पण साखरही असते, म्हणून अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा आठवड्यातून दोनदा पुरे. आवळ्याची पातळ चकती काही प्राणी खातात, काही तोंड फिरवतात. काकडीत हे जीवनसत्त्व जवळजवळ नसते; ती उन्हाळ्यात पाण्यासाठी द्यावी.

पाण्याच्या बाटलीत क जीवनसत्त्वाचे थेंब टाकण्याचा सल्ला अनेक दुकानांत दिला जातो. तो पाळू नये. पाण्यात आणि उजेडात हे जीवनसत्त्व काही तासांतच निकामी होत जाते, किती पोटात गेले ते कळत नाही आणि चव बदलल्यामुळे काही प्राणी पाणी पिणेच कमी करतात. पूरक मात्रेची गरज आहे असे पशुवैद्यांनी सांगितले तर ती त्यांनी ठरवलेल्या मापाने, सुईविरहित १ मिलिलिटरच्या सिरिंजने गालाच्या बाजूने द्यावी.

कमतरतेची लक्षणे दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतात. केस राठ होतात, प्राणी उड्या मारणे सोडतो, उचलले की ओरडतो, पायांचे सांधे सुजतात आणि हिरड्यांतून रक्त येते. लंगडणारा गिनी पिग पडला असेल असे समजून लोक तेल चोळत बसतात. त्याने आधी काय खाल्ले ते विचारावे.

भाजी आणण्याची आणि देण्याची पद्धत

एका प्रौढ प्राण्याला दिवसाला साधारण एक वाटीभर सैलसर चिरलेली भाजी पुरते. ती सकाळी आणि संध्याकाळी विभागून द्यावी आणि दोन-तीन तासांत न खाल्लेली उचलून टाकावी. कपिलतीर्थ मंडईत किंवा लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात घरच्यासाठी भाजी घेतानाच यांचा वाटाही निघतो. वेगळी यादी करण्याची गरज नाही, फक्त निवड कळली पाहिजे. घरी आल्यावर भाजी वाहत्या पाण्याखाली धुवावी, थोडा वेळ मिठाच्या पाण्यात ठेवून पुन्हा स्वच्छ धुवावी आणि फडक्यावर कोरडी करावी. फ्रिजमधून काढलेली गारढोण भाजी थेट देऊ नये.

रोज चालणाऱ्यांत ढबू मिरची आणि कोथिंबीर ही जोडी मला सर्वांत उपयोगी वाटते. मॉलमध्ये मिळणारी लेट्यूसची हिरवी किंवा लालसर सुटी पाने चालतात. पांढरट, पाणचट गड्डा घेऊ नये. दोडका, दुधी भोपळा आणि काकडी सालासकट द्यावी. पावसाळ्यात रंकाळ्यावर कणसे भाजणाऱ्या गाड्यांशेजारी मक्याच्या हिरव्या सोलपटांचे ढीग पडलेले असतात. ही ताजी सोलपटे आणि कणसाचे रेशीम म्हणजे गिनी पिगची मेजवानी आहे. गाडीवाल्याला आधी सांगून ठेवले तर तो जमिनीवर पडण्यापूर्वीच पिशवीत भरून देतो. सोलपटे धुऊन, कोरडी करून द्यावीत. मक्याचे दाणे मात्र आपण खावेत.

आठवड्यातून एक-दोनदा, थोड्या प्रमाणात चालणाऱ्यांत मेथी, शेपू, पुदिना, गाजर आणि गाजराचा पाला, मुळ्याचा पाला आणि फ्लॉवरची कोवळी पाने येतात. यांतील बहुतेक पालेभाज्यांत कॅल्शियम बऱ्यापैकी असते आणि गाजरात साखर. कोबीने वायू होतो, म्हणून एखादे पान, तेही सवय झाल्यावर. पालक, तांदळी, चुका आणि बीटाची पाने यांत ऑक्सलेट इतके असते की मी ती यादीतून काढूनच टाकली आहेत. पर्याय भरपूर असताना हा धोका पत्करण्याचे कारण नाही. शेवग्याचा पाला पौष्टिक म्हणून कितीही नावाजला जात असला तरी कॅल्शियममुळे तो यांच्यासाठी नाही.

फळांबाबत हात आखडता ठेवावा. बिया काढलेल्या सफरचंदाची फोड, पपईचा तुकडा किंवा संत्र्याची अर्धी पाकळी, आठवड्यातून एक-दोन वेळा. आंब्याच्या दिवसांत घरात बाठे फार होतात आणि ते पिंजऱ्यात टाकण्याची इच्छाही होते. टाकू नये. कोल्हापूरचा गूळ जगप्रसिद्ध आहे, तोही त्यांना नको.

काय कधीच देऊ नये

कांदा, पात, लसूण, बटाटा आणि त्याचे कोंब, टोमॅटो व वांग्याची पाने, अळू, अॅव्होकॅडो, चॉकलेट, दूध-दही, भात, भाकरी, चपाती, बिस्किट, डाळी, शेंगदाणे, फुटाणे, फरसाण. अळूचा उल्लेख मुद्दाम केला, कारण परसात अळू असतो आणि पान मोठे, मऊ, हिरवेगार दिसते. त्यातले सुईसारखे स्फटिक तोंड आणि घसा सोलून काढतात.

अंगणात मोकळे सोडणाऱ्यांनी झाडेही तपासावीत. कण्हेर, धोतरा, रुई, घाणेरी, एरंड आणि गाजर गवत विषारी आहेत. गाजर गवताच्या नावाने फसून ते गाजराचा पाला समजून तोडून आणल्याचे मी पाहिले आहे. गणपतीच्या दिवसांत दूर्वांच्या जुड्या घरोघर येतात. पूजेआधी बाजूला काढलेल्या, धुतलेल्या दूर्वा खुशाल द्याव्यात, पण हळद-कुंकू लागलेल्या जुड्या, झेंडूची फुले आणि निर्माल्य पिंजऱ्यात टाकू नये. झेंडूवर फवारणी किती होते ते शेतकऱ्याला विचारावे.

गोळीखाद्य आणि पाणी

गिनी पिगसाठी खास बनवलेले, गवतावर आधारित, एकाच रंगाचे आणि क जीवनसत्त्व घातलेले गोळीखाद्य प्रौढ प्राण्याला दिवसाला २० ते २५ ग्रॅम पुरेसे आहे. वाटी भरून ठेवली तर प्राणी वैरण सोडून गोळ्याच खातो आणि फुगत जातो. बिया, सुका मेवा आणि रंगीत तुकडे मिसळलेले खाद्य घेऊ नये. तो त्यातले गोड तेवढे वेचतो. ससा आणि गिनी पिग यांचे खाद्य सारखेच, असे मला एका दुकानात ठामपणे सांगितले गेले आणि मी विश्वास ठेवला. सशाच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होते, म्हणून त्याच्या खाद्यात ते घालत नाहीत, शिवाय काही प्रकारांत गिनी पिगला न सोसणारी औषधे असतात. कोंबडीचे खाद्य आणि गोठ्यातली गोळीपेंड किंवा सरकीची पेंड तर विचारातही घेऊ नये. पाकिटावरची बनवल्याची तारीख वाचावी, कारण त्यातले क जीवनसत्त्व साधारण तीन महिन्यांत बरेच घटते. मोठे पोते स्वस्त पडते, पण लहान पाकीटच घ्यावे. खाद्य बदलताना जुन्यात नवे मिसळत सात ते दहा दिवस घ्यावेत. मिठाचे आणि खनिजांचे खडे विकत घेण्याची गरज नाही. चावायला पेरू किंवा तुतीच्या फवारणी न केलेल्या फांद्या द्याव्यात.

पाणी घरात आपण पितो तेच, रोज बदललेले. किलोभर वजनाचा प्राणी दिवसाला साधारण १०० मिलिलिटर पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. बाटलीच्या नळीतली गोळी अडकते आणि बाटली भरलेली दिसत असूनही प्राणी तहानलेला राहतो, म्हणून रोज बोट लावून थेंब येतो का ते पाहावे आणि शेजारी मातीचे जड परळही ठेवावे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पिंजरा पत्र्याच्या खोलीत ठेवू नये. उकाड्यात प्राणी प्रथम खाणे सोडतो.

वजन, लेंड्या आणि पशुवैद्य

पोट भरल्यावरही पिशवीची चुरचुर ऐकून हे प्राणी शिट्टीसारखे ओरडतात, त्यामुळे आवाजावरून भूक ठरवू नये. त्याऐवजी स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्यावा, त्यावर टोपले ठेवावे आणि दर रविवारी एकाच वेळी वजन करून वहीत लिहावे. पूर्ण वाढलेला प्राणी साधारण ७०० ग्रॅम ते १,२०० ग्रॅम भरतो. आठवड्यात ५० ग्रॅम घटले तर रोज वजन करायला लागावे, १०० ग्रॅम घटले तर पशुवैद्यांकडे जायला थांबू नये. दोन प्राणी एकत्र जेवत असले की एक कमी खातो आहे हे ढिगाकडे पाहून कळत नाही, काट्यावर कळते. लेंड्या बारीक आणि कोरड्या झाल्या तर वैरण किंवा पाणी कमी पडते आहे, मऊ झाल्या तर भाजी जास्त होते आहे. हनुवटी ओली राहणे आणि घास तोंडातून पडणे ही दाढांची तक्रार असते. लघवी करताना ओरडणे किंवा लघवीत रक्त दिसणे ही खड्यांची.

प्राण्याने १२ तास काहीच खाल्ले नाही तर सकाळची वाट पाहू नये. आपल्याकडचे पशुवैद्य प्रामुख्याने गाई-म्हशी आणि कुत्र्या-मांजरांवर उपचार करतात, म्हणून प्राणी आणला त्याच आठवड्यात दोन-तीन दवाखान्यांत फोन करून गिनी पिग तपासणारे कोण आहेत ते विचारावे आणि क्रमांक पिंजऱ्यावर चिकटवावा. पोट फुगलेले नसेल तर वाटेत असतानाच गोळीखाद्य कोमट पाण्यात भिजवून, कालवून, सिरिंजने थोडे थोडे चाटवावे. पोट ढोलासारखे ताणलेले असेल तर तोंडात काही घालू नये. पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन या गटातली प्रतिजैविके तोंडाने दिल्यास गिनी पिगच्या उंडुकातले उपयोगी जीवाणू मरतात आणि प्राणी दगावू शकतो. चिठ्ठी लिहिली जात असतानाच हे नम्रपणे विचारून घ्यावे आणि घरातली उरलेली माणसांची औषधे त्याला कधीही देऊ नयेत.